तिकिटावरचं लाल देऊळ

दोस्तांनो, तुमच्यापैकी टपाल तिकिटं जमवायचा नाद कुणाकुणाला आहे? हात वर करा पाहू! माझ्या भाचीला आहे. साधासुधा नव्हे, अगदी वेड म्हणावं इतका. घरी पाकीट आलं रे आलं की आत काय आहे ते राहतं बाजूला, ही आधी कोपऱ्यातलं तिकीट पाण्यात भिजत घालते!

एका रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. तिला कुणीतरी एक आख्खा संच भेट दिला होता. आपल्या टपाल खात्याने 2020 साली भारतातल्या टेराकोटा मंदिरांवर सात तिकिटं काढली, तोच हा संच. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती. आपली कुंडी, माठ, पणती यांची जी माती, तीच.

"मामा," ती म्हणाली, "ही देवळं मातीची आहेत ना? मग पावसात विरघळत कशी नाहीत?"

प्रश्न सोपा होता, पण मला लगेच उत्तर देता येईना. मग मी भिंग घेऊन तिकिटं पाहू लागलो. एक देऊळ छत्तीसगडमधल्या सिरपूरचं, एक कानपूर जिल्ह्यातल्या निबिया खेड्याचं, एक ओडिशातल्या राणीपूर-झरियालचं आणि एक बंगालमधल्या कालन्याचं. उरलेली तीन? तिन्ही एकाच गावची! श्यामराय, जोडबांगला आणि मदनमोहन. गाव विष्णुपूर, जिल्हा बांकुडा, पश्चिम बंगाल. बंगाली लोक त्याला 'बिष्णुपूर' म्हणतात.

सातातली तीन तिकिटं एका छोट्याशा गावाने पटकावली, म्हणजे तिथे काहीतरी खास असणार! मी मनाशी ठरवलं, हे गाव पाहायचं.

मी राहतो नागपुरात. इथून हावड्याच्या गाडीत बसलं की खडगपूर येतं. तिथे गाडी बदलायची आणि दोन-अडीच तासांत विष्णुपूर. चला तर मग, तुम्हीही या माझ्याबरोबर!

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि पहिली नजर गेली ती जमिनीकडे. लाल! अगदी कोकणात उतरल्यासारखं वाटलं. खरंच बरं का, आपल्या कोकणात आणि गोव्यात जो जांभा दगड असतो, तोच इथेही सापडतो. घरांना लावतात ना ते चिरे, तोच. इथली काही देवळं जांभ्याची आहेतही. पण जांभ्याची एक अडचण असते. तो असतो भोकाभोकांचा, स्पंजसारखा. त्यावर नाक-डोळे कोरायला जाल तर नाकाच्या जागी भोकच यायचं! म्हणून जांभ्याच्या देवळांवर चुन्याचा गिलावा देऊन त्यात नक्षी काढत. पण कारागिरांना गोष्टी सांगायच्या होत्या बारीकसारीक, हजारो चित्रांच्या. त्यासाठी त्यांनी धरली माती.

स्टेशनवरून मी एक रिक्षा केली. बॅटरीवर चालणाऱ्या या रिक्षेला तिथे 'टोटो' म्हणतात. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, बडबडे. अर्धं हिंदी, अर्धं बंगाली. "दादा, आधी रासमंच बघा," ते म्हणाले.

रासमंच पाहून मी चक्रावलोच. खाली जांभ्याचा उंच चौथरा, त्यावर कमानीच कमानी आणि डोक्यावर पायऱ्यापायऱ्यांचं पिरॅमिडसारखं छप्पर. हे देऊळ नव्हे बरं का! राजा वीर हंबीर याने 1600 च्या सुमाराला हा मंच बांधला. रास उत्सवात गावातल्या सगळ्या देवळांतले राधाकृष्ण इथे आणून बसवायचे. म्हणजे देवांचं संमेलनच म्हणा ना! 1932 पर्यंत हा उत्सव इथे भरत असे.

या वीर हंबीराची एक मजेदार गोष्ट सांगतात. वृंदावनाहून काही वैष्णव साधू पेट्या भरभरून पोथ्या घेऊन बंगालकडे निघाले होते. राजाच्या माणसांना वाटलं, पेट्यांत खजिना आहे. त्यांनी त्या लुटल्या. उघडून बघतात तर नुसत्या पोथ्या! पोथ्या शोधत श्रीनिवास आचार्य दरबारात आले. त्यांचं बोलणं ऐकून राजाच त्यांचा शिष्य झाला. त्यानंतर मल्ल राजांनी विष्णुपुरात कृष्णाची देवळं बांधायचा सपाटाच लावला. हो, या राजघराण्याचं नावच मल्ल. मल्ल म्हणजे पैलवान! त्यांच्या राज्याला म्हणायचे मल्लभूम.

आता एक छोटंसं गणित घालतो. मल्ल राजांची स्वतःची कालगणना होती. आपल्या इसवी सनाच्या 694 पासून ती मोजत. श्यामराय देवळाच्या लेखात वर्ष आहे 949. जोडबांगल्याचं 961. मदनमोहनाचं बरोबर 1000. मग इसवी सन कोणता? करा बेरीज! आली उत्तरं? 1643, 1655 आणि 1694. शाबास!

आता ही सालं आपल्या इतिहासाशी जोडून पाहा. 1643 साली शिवाजीराजे तेरा वर्षांचे होते. जोडबांगला झाला त्याच्या पुढच्याच वर्षी राजांनी जावळी घेतली. आणि मदनमोहनाचं देऊळ उभं राहिलं तेव्हा राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर होते. ही सालं नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आधी श्यामराय. उंची म्हणाल तर तीनेक मजल्यांएवढी, फार नाही. पण जवळ गेलो आणि तोंडात बोटं घालायची वेळ आली. भिंतीवर बोटभर जागा रिकामी नाही! खाली बघा, वर बघा, कमानीच्या आत बघा, सगळीकडे मातीच्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर काहीतरी चाललेलं. कुणी मृदंग वाजवतंय, कुणी शिकारीला निघालंय, कुणी नाचतंय. एका मोठ्या वर्तुळात मधोमध राधाकृष्ण आणि भोवती फेर धरून नाचणाऱ्या गोपी. हे रासमंडल. माझ्याजवळचं तिकीट मी भिंतीसमोर धरून पाहिलं. तिकिटावर देऊळ मावलं होतं, पण ही गोपी, हा मृदंगवाला कसा मावणार?

देवळाच्या डोक्यावर पाच शिखरं आहेत. मधलं आठकोनी, कोपऱ्यातली चार चौकोनी. बंगालीत अशा शिखराला 'रत्न' म्हणतात, म्हणून हे देऊळ पंचरत्न. एकच शिखर असेल तर एकरत्न. कालन्याच्या लालजी मंदिराला तर पंचवीस रत्नं आहेत!

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू. माती विरघळत कशी नाही?

तुमच्या गावी कौलारू घर आहे? पावसाळ्यात कौलं विरघळून खाली येतात का? नाही ना! कारण ती भट्टीत भाजलेली असतात. कच्ची माती पाण्यात टाकली की चिखल होतो. पण तीच शेकडो अंश तापमानात भाजली की तिच्या आत दडून बसलेलं पाणीसुद्धा निघून जातं आणि मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. एकदा असं झालं की तिचा पुन्हा चिखल होत नाही. मातीत लोह असतं, त्यामुळे भाजल्यावर येतो लाल रंग.

पण हे काम वाटतं तितकं सोपं नाही हं! आधी माती चाळायची, खडे काढायचे, कणकेसारखी मळायची. तिच्या पट्ट्या करायच्या. पट्टी जरा सुकली, पण पुरती वाळली नाही, अशा वेळी तिच्यावर कोरायचं. फार ओली असेल तर नाक बसतं, फार वाळली तर तुकडा उडतो! मग सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली की तडकलीच म्हणून समजा. मग भट्टी. शिवाय माती वाळताना आणि भाजताना आकसते. म्हणजे भिंतीवर जेवढी पट्टी हवी, त्यापेक्षा थोडी मोठी करायची. किती मोठी? तो अंदाज हातात असावा लागतो. एक मोठं चित्र दहा-वीस पट्ट्या जोडून करायचं असेल आणि भाजल्यावर एकीचा कोपरा दुसरीला जुळलाच नाही तर? पुन्हा पहिल्यापासून! श्यामरायाच्या भिंतीवर त्या पट्ट्या अशा जुळल्यात की सांधा शोधावा लागतो.

तिथून जोडबांगल्याला गेलो. हे तिकीट भाचीचं सगळ्यांत आवडतं. देऊळ दिसतं कसं, तर दोन झोपड्या एकमेकींना खेटून उभ्या केल्यासारखं. छपराच्या कडा दोन्ही बाजूंना खाली वाकलेल्या, धनुष्यासारख्या. कारण काय? बंगालच्या खेड्यातलं घर बांबूचं आणि गवताने शाकारलेलं. बांबू वाकतो, म्हणून छप्पर वाकडं. पाऊस धो धो पडतो, वाकड्या छपरावरून पाणी झटकन ओघळतं. देवळाच्या कारागिरांनी ते झोपडीचं छप्पर जसंच्या तसं विटांत उतरवलं. देवाने राहायचं तर आपल्यासारख्याच घरात राहावं, असं त्यांना वाटलं असेल!

अशा घराला तिथे 'बांगला' म्हणतात. काही आठवलं? आपण श्रीमंत माणसाच्या मोठ्या घराला 'बंगला' म्हणतो ना, तो शब्द बंगालच्या या साध्या घरावरून आला! आता मित्राने बंगला बांधला की त्याला सांगा, "अरे, हा शब्द मूळचा झोपडीचा!"

जोडबांगल्याच्या भिंतींवर रामायण-महाभारत तर आहेच, शरशय्येवर पडलेले भीष्मही आहेत. पण मी सगळ्यांत जास्त रेंगाळलो तो नावांच्या पट्ट्यांपाशी. लांबच लांब नावा आणि त्यांत बसलेले शिपाई. कारागिरांनी देवांच्या गोष्टी सांगता सांगता आपल्या काळातल्या गोष्टीही घालून टाकल्या.

आणि आता, दोस्तांनो, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो, ती गोष्ट.

टोटोवाले काका मला एका तोफेपाशी घेऊन गेले. तिचं नाव 'दलमादल'. म्हणजे दळाचं, सैन्याचं मर्दन करणारी. लोखंडाच्या कड्या एकमेकींना जोडून बनवलेली, साडेबारा फूट लांब. उघड्यावर इतकी वर्षं आहे, पण गंजून गेलेली नाही. मी हात लावून पाहत होतो. काका सांगू लागले.

"दादा, एकदा शत्रू चालून आला. हजारो घोडेस्वार. राजा गोपाल सिंह मोठा भक्त. तो म्हणाला, लढाई कशाला? देवाचं नाव घ्या. सगळं गाव भजन करत बसलं. आणि रात्री धडाम्! धडाम्! तोफ कुणी उडवली? स्वतः मदनमोहनाने! देव देवळातून बाहेर आला, तोफेला बत्ती दिली आणि शत्रू पळाला."

"वा!" मी म्हणालो. "शत्रू कोण होता?"

"बोर्गी," काका म्हणाले. मग सहज विचारलं, "आपण कुठले?"

"नागपूरचा. महाराष्ट्र."

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग खो खो हसायला लागले. "मग दादा, तुम्हीच तर बोर्गी!"

मीही हसलो, पण खरं सांगू? घशाशी काहीतरी अडकलं.

बोर्गी हा शब्द आपलाच आहे. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा नि हत्यारं स्वतःची तो शिलेदार. ज्याला ती सरकारातून मिळत तो बारगीर. या बारगीराचं बंगालीत झालं बोर्गी. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर मोठी फौज घेऊन बंगालवर चालून गेले. मागणी होती चौथाईची. बंगालचा नवाब अलीवर्दी खान देईना. मग पुढची जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या होतच राहिल्या. 1744 साली नवाबाने भास्कररामांना बोलणी करायला बोलावलं आणि दगा देऊन त्यांना नि त्यांच्या सरदारांना ठार मारलं. शेवटी 1751 मध्ये तह झाला, दरसाल बारा लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला.

शाळेत आपण 'अटक ते कटक' असं छाती फुगवून म्हणतो ना? त्यातलं कटक ते हेच, ओडिशातलं.

पण मधली दहा वर्षं बंगालच्या खेड्यांत काय झालं, ते आपल्या धड्यात फारसं नसतं. गावं लुटली गेली, जाळली गेली. विणकरांनी माग सोडले, शेतकऱ्यांनी उभी पिकं सोडली आणि माणसं पोराबाळांना घेऊन नदीपलीकडे पळाली. कोलकात्याच्या लोकांनी तर मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच 'मराठा खंदक'. गंगाराम नावाच्या कवीने या दिवसांवर बंगालीत एक काव्य लिहिलं, त्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव वाचून आपल्याला वाटेल कौतुक असेल. आत आहेत लोकांचे हाल. बंगालमध्ये आजही लहान बाळाला निजवताना जे गाणं म्हणतात, त्यात बोर्गी येतात. आपल्याकडे बागुलबुवा येतो ना, तसे!

तोफेजवळच्या झाडाखाली बसून मी विचार करत होतो. ज्या वर्षी आपले स्वार विष्णुपूरच्या कोटाबाहेर आले, तेव्हा ही तिन्ही तिकिटावरची देवळं उभी होती. सालं आठवा! श्यामरायाला तर शंभराच्या आसपास वर्षं झाली होती. इतिहासकार म्हणतात, कोट मजबूत होता म्हणून तो फौजेच्या हाती लागला नाही. समजा, लागला असता तर? मृदंगवाला, भीष्म, नावेतले शिपाई आज दिसले असते का?

आणखी एक गोष्ट मनात आली. मदनमोहन म्हणजे कृष्ण. बाहेर घोड्यावर बसलेल्या कितीतरी बारगीरांच्या घरी विठोबा पुजला जात असेल. विठोबा म्हणजे तरी कोण? कृष्णच! आत भजन चाललेलं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांचा देवही तोच. त्या रात्री नक्की काय झालं, तोफ कुणी डागली, ते तोफच जाणे. पण विष्णुपूरच्या लोकांनी ती गोष्ट जपली, कारण ते वाचले होते.

संध्याकाळी मदनमोहनाच्या देवळात गेलो. एकच शिखर, पण भिंती पुन्हा चित्रांनी भरलेल्या. खालच्या बाजूला हंसांची रांग चाललेली. सूर्य मावळतीला आला होता आणि सगळी भिंत पेटल्यासारखी लाल दिसत होती. काही पट्ट्यांवरच्या आकृत्यांची नाकं गेलेली, हात तुटलेले. ऊन-पावसाने झिजतं, शेवाळ धरतं. पण माणसंही कमी नाहीत! कुणी हात लावून लावून झिजवतं, कुणी नाव कोरतं. दगडाचा कोपरा तुटला तर तो तुटलेला दिसतो तरी. मातीच्या पट्टीवरचा चेहरा एकदा घासला गेला की संपलं, ती मुलगी पुन्हा कुणाला दिसायची नाही. म्हणून तिथे जाल तेव्हा हात पाठीमागे बांधून बघा, बरं का! विष्णुपूरची देवळं 1998 पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण यादी काही राखण करत नाही.

जाता जाता काकांनी मला बाजारात नेलं. तिथे गोल गोल पत्ते पाहिले, दशावतारांची चित्रं असलेले. संचात एकशेवीस पत्ते. मी ओरडलोच, "अहो, हे तर आमच्या सावंतवाडीला असतात!" आपल्या सावंतवाडीच्या गंजिफातही दशावतारी संच एकशेवीस पत्त्यांचाच असतो. काकांना ते माहीत नव्हतं. त्यांना फार आश्चर्य वाटलं. मग मी तिथून जवळच्या पांचमुडा गावात बनणारा मातीचा घोडा घेतला. उंच मानेचा, ताठ कानांचा.

"घोडा घेऊनच निघालात," काका डोळे मिचकावत म्हणाले. "बोर्गी तो बोर्गीच!"

"पण या वेळी पैसे देऊन," मी म्हणालो. यावर आम्ही दोघंही मनापासून हसलो. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. "अरे अरे, हे काय दादा," म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

घरी आल्यावर भाचीला सगळं सांगितलं. तिने आधी घोडा ताब्यात घेतला. मग जरा वेळाने विचारलं, "मामा, म्हणजे आपण वाईट होतो का?"

मी म्हणालो, "आपले लोक शूर होते हे खरं आहे. आणि त्या गावांतल्या माणसांचे त्यांनी हाल केले, हेही खरं आहे. एक खरं सांगायला दुसरं खोडायची गरज नाही."

तिने मान डोलावली. पटलं की नाही कोण जाणे. पण रात्री वही पाहिली तर जोडबांगल्याच्या तिकिटाखाली तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, '1655. विटा आणि भाजलेली माती. पावसात विरघळत नाही.' आणि मदनमोहनाच्या तिकिटाखाली, '1694. इथे आपण गेलो होतो. 1742 साली. आणि आता मामा.'

तुमच्याही वहीत एखादं तिकीट असंच गप्प बसलेलं असेल, ज्याच्यावरचं गाव तुम्हाला माहीत नाही. उद्याच ते काढा, नकाशावर गाव शोधा आणि तिथल्या लोकांना आपली काय आठवण आहे, तेही जरा विचारून बघा!